मूठभर धान, तीन मिनिटं

शेठनी माझ्या हातातून मोबाईल काढून घेतला तेव्हा मी हरत नव्हतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मिलमध्ये प्रत्येकानं ही गोष्ट आपापल्या तऱ्हेनं सांगितली आणि सगळ्यांच्या सांगण्यात मी हरत होतो. माझ्याकडं एक हत्ती जास्त होता. घड्याळातही समोरच्यापेक्षा थोडा जास्त वेळ होता. समोरचा कोण, कुठला, काही कल्पना नाही. त्याच्या नावाशेजारी हिरवा-पांढरा झेंडा होता, तो कुठल्या देशाचा ते मला अजून कळलेलं नाही. त्यानं बरोबरी मागितली होती आणि मी ती द्यायलाच निघालो होतो, तेवढ्यात शेठचा हात आला.

दुपारची सुट्टी होती. तुमसरच्या आमच्या राइस मिलमध्ये ट्रक तोलायच्या काट्याजवळ एक निंबाचं झाड आहे, त्याखाली मी बसलो होतो. शेठनी मोबाईल डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला. तोवर माझी वेळ संपली, डाव गेला, आणि पडद्यावर ॲपनं माझ्या खेळाचा निकाल दाखवला. चाली किती टक्के बरोबर पडल्या, त्याचा मोठा आकडा.

"सदुसष्ट?" शेठ म्हणाले.

मी उभा राहिलो.

"हे सदुसष्ट अठी कसं आलं बे?"

ज्यांना धानाचा धंदा माहीत नाही त्यांना यात भिण्यासारखं काही दिसणार नाही. सरकारचं धान भरडायला घेतलं की शंभर किलोमागं सदुसष्ट किलो तांदूळ परत द्यावा लागतो. त्याला उतारा म्हणतात. मिलवाल्याच्या घरात देवाच्या नावानंतर हा आकडा घेतात. खरा उतारा किती पडतो, ते शेठ बायकोलाही सांगत नसत. आणि इथं परमुलखातून आलेला एक पोरगा झाडाखाली बसून मोबाईलवर तोच आकडा बघत होता.

"कोनाले पाठवून राहिला तू आपला उतारा?"

"चुकलं शेठ," मी म्हणालो.

ही माझी जुनी खोड. कुणी आवाज चढवून काही विचारलं की तोंडातून आधी 'चुकलं' बाहेर पडतं आणि प्रश्न नंतर कळतो. शेठचा संशय पक्का झाला. मग मी भराभर सांगितलं की हे बुद्धिबळ आहे, तीन मिनिटांचा डाव असतो, जगातलं कुणीही समोर येतं.

"बुद्धिबळात उतारा कायले लागते?"



मुनीमजींना बोलावण्यात आलं. मिलमध्ये इंग्रजी वाचणारे ते एकटे. बँकेची पत्रं वाचून वाचून त्यांचं इंग्रजी बँकेसारखं झालं होतं आणि मराठीही. त्यांनी चष्मा पुसला, माझ्याच मोबाईलवर इकडं तिकडं बोट मारलं आणि ॲपनं माझ्या सगळ्या डावांवरून काढलेलं मत शोधून काढलं. ते मत तिथं आहे हे मलाही माहीत नव्हतं.

"सदर खेळाडूची सुरुवात समाधानकारक," मुनीमजी वाचू लागले. "मधला भाग बरा. जिंकत आलेले डाव वेळेअभावी गमावतो. समोरच्यानं बरोबरी मागितल्यास, स्वतःची बाजू वरचढ असतानादेखील, बहुतांश वेळा देऊन टाकतो. सबब सुधारणेस वाव आहे."

शेठनी मोबाईल पुन्हा हातात घेतला.

"हे कोनं लिहिलं?"

"कंपनीनं."

"पैसे घेतले?"

"फुकट आहे, शेठ."

शेठनी माझ्याकडं नव्यानं पाहिलं. मग मुनीमजींकडं वळले. "मुनीमजी, माह्या बापापासून तुमी या मिलमध्ये हाव. एका तरी मानसाचा असा रिपोर्ट तुमी मले देल्ला काय?"

मुनीमजींनी मला यासाठी कधी माफ केलं असेल असं वाटत नाही.

माझं गाव जत तालुक्यात. ज्वारीचा, कुसळांचा, पाण्याच्या टँकरचा मुलूख. नववीत शाळा सुटली. सोडली म्हणावं की सुटली, ते मला ठरवता येत नाही. एक दिवस गेलो नाही, दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं नाही. मग साखर कारखाना, जिनिंग, वीटभट्टी, एक शीतगृह, असं करत करत पूर्वेकडं सरकत आलो. जिथं जिथं राहिलो ते कुणीतरी 'राहा' म्हटलं म्हणून, आणि निघालो ते हंगाम संपला म्हणून. तुमसर रोड स्टेशनवर उतरलो तेव्हा इतकं धान मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. इथं मला सगळे 'पुनेकर' म्हणायचे. पुणं मी फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिलंय, पण मी 'मले' ऐवजी 'मला' म्हणतो एवढं त्यांना पुरलं.

मिलमध्ये मी तांदूळ घासणाऱ्या पॉलिशरवर होतो, हेडमिस्त्रीच्या हाताखाली. मिस्त्री बपेऱ्याचे. गुडघे गेले होते त्यांचे, आणि पाऊस लागला की कायमचं गावी जायचं असं त्यांनी ठरवलं होतं. पावसाच्या आधी मिल बंद होते, बाहेरची माणसं आपापल्या वाटेनं जातात. मशीन राखायला, पट्टे सैल करायला, उंदरांवर नजर ठेवायला एक माणूस ठेवतात. आजवर तो माणूस मिस्त्री होते. आता त्यांच्या जागी कोण, हे ठरायचं होतं.

मला ती जागा पाहिजे होती. जागेबरोबर खोली होती, गोदामामागची. मी त्या खोलीत आधीच राहत होतो, पण हंगामापुरता. खिळ्याला शर्ट अडकवायचो तोसुद्धा सकाळी काढायची सवय ठेवून. पेटी कधी खाटेखाली सरकवली नव्हती, दाराशीच असायची. कुठल्याही खोलीत पेटी खाटेखाली जाण्याइतका मी राहिलो नव्हतो. मुनीमजींनी माझ्या परतीच्या गाडीची चौकशी करून ठेवली होती, हेही मला माहीत होतं, कारण त्यांनी मला "खालचा बर्थ का वरचा?" असं विचारलं होतं आणि मी "कुठलाही चालेल" म्हणालो होतो.

त्या दिवशी शेठ मिस्त्रींना म्हणाले, "या पोट्ट्याले ठेवाचं का नाई, ते या रिपोर्टवर पाहू. मिल बंद होयेस्तोवर टाइम देतो. सुधारला तर ठेवू. नाई तर याची गाडी."

मिस्त्रींना बुद्धिबळ येत नव्हतं. मुनीमजींना येत नव्हतं. शेठना पटावर काळी-पांढरी घरं असतात एवढं माहीत होतं. या तिघांनी मला सुधारायला घेतलं.

मिस्त्रींनी पहिला रोग लगेच ओळखला. "तू देऊन कायले टाकतं बे बरोबरी? तुह्या बापाचं का जाते नाई म्हनाले?"

मी त्यांना काय सांगणार? एक माणूस, कुठल्या तरी देशात, नम्रपणे काहीतरी मागतोय, आणि मी जतचा नववी नापाससुद्धा नाही, नववीत गेलेलाच नाही धड, मी त्याला नाही म्हणू? डाव सुरू झाला की माझ्याशी खेळायला कुणीतरी बसलंय याचाच मला इतका आनंद होतो की दुसऱ्या चालीला मी 'थँक्यू' पाठवतो. त्यात माझे काही सेकंद जातात, हेही मुनीमजींनी पुढं रिपोर्टमध्ये दाखवून दिलं.

"नाई म्हनाची प्रॅक्टिस करू," मिस्त्री म्हणाले. "पुनेकर, तुही चप्पल दे."

"घ्या."

"भैताड! नाई म्हन."

"नाही."

"असं नाई. मी मांगल्यावर म्हन. दे चप्पल."

"अहो, घ्या ना मिस्त्री, तुमचे गुडघे दुखतात."

ते चप्पल घालून निघून गेले आणि पुढं रोज तीच घालून हिंडू लागले. ही बातमी हमालांत पोचली. मग सगळे मला सुधारू लागले. पोत्यांच्या थप्पीवरून आवाज यायचा, "ए पुनेकर, तुहा टॉवेल देतं का गा?" मी द्यायचो. "साबन?" द्यायचो. एकानं माझी खाट मागितली आणि ती दोघांनी उचलून नेलीही. संध्याकाळी खानावळीच्या मावशी हे सगळं गोळा करून आणून द्यायच्या. त्या आंबागडच्या, मिलच्या फाटकाबाहेर पत्र्याखाली त्यांची चूल. त्या हमालांना म्हणायच्या, "लाज नाई वाटत काय रे मेलेहो? त्याले नाई म्हनाले शिकवाचं, का नागवा करून पाठवाचा?"

दुसरा रोग वेळेचा. जिंकत आलो की मला भीती वाटते. हरताना हात भरभर चालतो, कारण गमावण्यासारखं काही राहिलेलं नसतं. पण बाजू वर आली की प्रत्येक घरात मला फसवणूक दिसायला लागते. वजीर सरकवायचा तर मी विचार करतो की हे इतकं सोपं कसं, माझ्यासाठी कुणी सोपं का ठेवील? तोवर घड्याळ संपतं.

हे मी मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, माझा हात हातात घेतला, तळवा दाबला आणि निदान केलं.

"ओलावा हाये."

मी म्हटलं, "हं?"

"ओलं धान भरडलं तर का होते? मशीनमध्ये चिकटते, तुकडा पडते, कनकी होते. उतारा खाली येते. तुहा माल चांगला हाये पोट्ट्या, पन तू ओला हायेस. शेवटी शेवटी घाम सुटते तुले. ओल्यानं उतारा कसा येन?"

आमच्याकडं कुणी असं म्हटलं असतं तर लोक हसले असते. इथं हसलं कुणी नाही. हमाल मान हलवू लागले. मुनीमजी म्हणाले, "तर्कसंगत आहे."

आता पुढची गोष्ट मी जशी झाली तशी सांगतो. मिलच्या ऑफिसात ओलावा मोजायचं मशीन असतं. शेतकऱ्याचं धान आलं की त्यातली वाटीभर मशीनमध्ये घालायची, झाकण पिळायचं, आकडा येतो. सतराच्या वर गेला की धान घेत नाहीत, वाळवून आणा म्हणतात. मिस्त्रींनी ठरवलं की डाव सुरू होण्याआधी माझ्या डाव्या मुठीत धान द्यायचं, डाव संपला की ते मशीनमध्ये घालायचं. उजव्या हातानं खेळ. खेळाचं त्यांना कळत नव्हतं, मुठीतल्या धानाचं कळत होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी चौदाचं धान दिलं. डाव संपला तेव्हा मशीननं जो आकडा दाखवला तो पाहून मिस्त्रींनी मशीन झटकलं आणि पुन्हा लावलं. वीसच्या पुढं. मशीनबद्दल शंका राहायला नको म्हणून एका हमालाच्या मुठीत तेवढाच वेळ धान ठेवून पाहिलं. चौदाचं चौदाच राहिलं.

"हा मानूस नाई," शेठ म्हणाले, "हा बोडी हाये." बोडी म्हणजे इकडचं छोटं तळं.

मग मला वाळवायचं ठरलं.

मिलच्या अंगणात धान पसरून वाळत घालतात. दुपारच्या सुट्टीत मला त्या धानाच्या मधोमध पोत्यावर बसवू लागले. वैशाखातलं ऊन. बायका पायांनी धान उलटवत माझ्याभोवती फिरायच्या, त्यांच्या पायांनी धानात नांगरल्यासारख्या रेघा उठायच्या. एक जण दुसरीला म्हणाली, "एका बाजूनं झाला वाटते वो, पलटवू काय याले?" आणि मी, खरं सांगतो, स्वतःहून वळून बसलो.

मावशींनी औषध आपल्या बाजूनं सुरू केलं. माझं जेवण तपासल्यावर त्यांना कळलं की तीन वेळा भात खाऊन मी आतून ओला होतोय. "तुह्या गावाले का खातेत?" त्यांनी विचारलं.

"ज्वारीची भाकरी."

"ज्वारी कोरडी असते. तेच पायजे तुले."

ज्वारी त्यांनी बाजारातून आणली, दळून आणली. त्यांना भाकरी थापायची सवय नव्हती. ती भाकरी एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला फाटलेली, मध्ये करपलेली होती. मी पहिला घास घेतला आणि मला रडू आलं. किती वर्षांनी कुणीतरी मला विचारून माझ्यासाठी केलेलं ते जेवण होतं. मावशी घाबरून मिस्त्रींना हाका मारू लागल्या, "या हो लवकर, हा तर अजून गळून राहिला!" त्या दुपारचा मशीनचा आकडा मी इथं लिहीत नाही.

हे असं चाललेलं असताना एक व्यापारी आला, मध्य प्रदेशातला, तांदूळ घ्यायला. त्याच्यामुळंच पुढं सगळं झालं, म्हणून त्याच्याबद्दल सांगायला पाहिजे. त्यानं पोत्यात परखी खुपसली. परखी म्हणजे नळीसारखी टोकदार सळई, पोतं न उघडता आतला नमुना काढायची. चार दाणे तोंडात टाकले, चावले, गिळले. आणि मग भाव पाडायला लागला, की तुकडा जास्त आहे, रंग पिवळा आहे, वास येतो.

शेठ खुर्चीतून उठले नाहीत. भिंतीवर त्यांच्या वडिलांचा हार घातलेला फोटो आहे, त्याकडं बोट केलं. "माह्या बापाचा कायदा हाये. नमुना तोंडात गेला आन थुकला, तर सौदा नाई. नमुना तोंडात गेला आन बाहेर आला नाई, तर माल तुहा. परत घेनं नाई, परत देनं नाई."

व्यापारी हसला, हिंदीत वाद घालू लागला. शेठ फोटोकडं बोट करून बसून राहिले. हमालांनी काम थांबवलं. शेवटी त्यानं माल उचलला. मी पॉलिशरजवळून हे पाहिलं आणि शेठना कधी कुठल्या गोष्टीला नाही म्हणायची वेळ माझ्यावर येऊ नये, एवढंच मनात म्हटलं.

मिल बंद व्हायचा दिवस आला. शेवटचं धान पट्ट्यावरून गेलं, मशीनचा आवाज थांबला. हंगामभर कानात असलेला आवाज गेला की माणसं उगीच मोठ्यानं बोलायला लागतात. शेठ काट्याजवळच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसले. मुनीमजींच्या खिशात माझ्या गाडीच्या वेळा लिहिलेला कागद होता, त्याचं टोक दिसत होतं.

"एक डाव," शेठ म्हणाले. "रिपोर्ट पाहू, ओलावा पाहू, मंग ठरवू."

माझ्याभोवती हमाल, झाडू मारणाऱ्या बायका, एक ट्रक ड्रायव्हर, मावशी. मिस्त्रींनी माझी डावी मूठ उघडली, धान भरलं, बोटं एकेक करून मिटवली. "कोरडा राय," एवढंच म्हणाले. चप्पल माझीच होती त्यांच्या पायात.

मी डाव सुरू केला. समोर कोण आलं असेल? तोच हिरवा-पांढरा झेंडा. तोच माणूस की त्या देशातला दुसरा, ते कळायला मार्ग नाही, पण मला तो ओळखीचा वाटला आणि मी 'थँक्यू' पाठवणार होतो. मिस्त्रींनी माझ्या पाठीत गुडघा टेकवला. नाही पाठवलं.

त्या डावात माझं काय चाललं होतं ते मला अजून सांगता येतं. घोडा दोनदा बरोबर घरात पडला. त्याचा उंट कोपऱ्यात अडकला. प्यादं मोकळं झालं आणि पुढं निघालं. मावशींनी विचारलं, "जिंकून राहिला का?" मुनीमजी म्हणाले, "प्रगती समाधानकारक." आणि नेमकी तिथंच मला भीती वाटायला लागली. इतकं सोपं कसं?

समोरच्यानं बरोबरी मागितली.

बरोबरीची खूण कशी दिसते ते आता सगळ्या मिलला पाठ होतं. "मांगून राहिला!" मुनीमजी ओरडले, पहिल्यांदाच बँकेची भाषा सोडून.

"देऊ नोको!" हमाल.

"देशील तर याद राख," मिस्त्री.

माझा अंगठा आपोआप 'हो'कडं निघाला. तोंडात 'चालेल' तयार होतं, मी ते कुणाशी बोलणार होतो देव जाणे. त्या शब्दाला अडवायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी डावी मूठ तोंडात रिकामी केली.

धान, सालीसकट. तोंड भरलं. मी 'नाही' दाबलं.

त्यानं पुन्हा मागितली. मी चावलं आणि पुन्हा 'नाही' दाबलं. तिसऱ्यांदा मागितली. एखादा माणूस इतक्यांदा मागतोय म्हणजे त्याला किती गरज असेल, हा विचार मनात आला, मी तो धानाबरोबर गिळला आणि 'नाही' दाबलं. मिलमध्ये अशी आरडाओरड झाली की बाहेरच्या रस्त्यावरचा एक सायकलवाला थांबला.

माझं प्यादं शेवटच्या घरात पोचलं. वजीर झाला. आता एक चाल, त्याचा राजा संपला. मी वजिरावर बोट ठेवलं.

आणि वेळ संपली.

"जिंकला?" मावशी म्हणाल्या.

मला उत्तर देता आलं नाही, कारण सालीची कुसळं घशात अडकली होती. मावशींनी पाठीत थापा मारल्या, तांब्याभर पाणी पाजलं. तोवर मुनीमजींनी पडदा वाचला. "डाव गमावला. कारण वेळ. तथापि," ते थांबले, चष्मा वर केला, "तथापि अचूकता एक्क्याण्णव."

"एक्क्याण्णव?" शेठ खुर्चीत पुढं झाले. "अन् हारला?"

मिस्त्री म्हणाले, "माल फस्ट क्लास होता शेठ. गाडी लेट पोचली."

"ते सोड. ओलावा पाहू. मूठ उघड बे."

मी मूठ उघडली. तळव्याला एक दाणा चिकटलेला होता. मशीनची वाटी भरायला मूठभर तरी लागतं.

"नमुना कुठी हाये?"

मी मिस्त्रींकडं पाहिलं. मिस्त्रींनी माझ्या तोंडाकडं पाहिलं.

"खाल्ला," ते म्हणाले.

"थुकला नाई?"

"गिळला शेठ," मावशी म्हणाल्या. "मी सोता पानी पाजलं."

आपण काय करून बसलो ते मला तेव्हा कळलं. मोजायला काही उरलं नव्हतं, डावही गेला होता. मी मनातल्या मनात शर्ट घडी करायला लागलो. पण मिस्त्री एक पाऊल पुढं झाले, गुडघा धरून, आणि ऑफिसच्या उघड्या दारातून दिसणाऱ्या फोटोकडं बोट केलं.

"बुढ्या शेठचा कायदा का हाये?"

शेठनी खुर्ची मागं सरकवली.

"तोंडात गेला आन बाहेर आला नाई, तर परत करनं नाई."

"अबे पन ते मालाचं हाये!" शेठ म्हणाले. "यात माल कोनता? घेनारा कोन?"

"ते मले नाई समजत," मिस्त्री म्हणाले. "नमुना मिलचा होता. यानं गिळला. आता हा परत पाठवता येत नाई. मध्य प्रदेशवाल्याले एक कायदा आन आपल्या मानसाले दुसरा, असं बुढ्या शेठनं केलं असतं का?"

हमाल शेठकडं बघत होते. ड्रायव्हर बघत होता. सायकलवाला आत येऊन बघत होता. शेठनी फोटोकडं पाहिलं, मग मुनीमजींकडं.

"मुनीमजी?"

"नियमात अपवादाची तरतूद आढळत नाही," मुनीमजी म्हणाले. माझ्यावर राग असूनही म्हणाले, हे मी त्यांच्या बाबतीत कायम लक्षात ठेवलंय.

शेठ उठले. "ठीक हाये. राय. मशीन पाह्य, पट्टे सैल कर, उंदीर मार. पन खोली देता येत नाई. तठी बारदाना ठेवाचा हाये. तू गोदामात झोप."

'राहा' म्हटलं होतं. माझ्यासाठी ते इतकं मोठं होतं की बाकीचं ऐकूही येऊ नये. 'चालेल' जिभेवर आलं. मिस्त्री कुठंतरी दुसरीकडंच बघत होते, पण त्यांचा गुडघा माझ्या पाठीजवळ आहे असं मला वाटलं. तोंडात टाकायला धान नव्हतं.

"नाही शेठ," मी म्हणालो. "खोली पाहिजे."

शेठनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, का पाहिलं ते माहीत नाही. माझ्या तळहातातून पाणी टपकायचं बाकी राहिलं होतं.

"अर्धी," शेठ म्हणाले. "अर्ध्यात बारदाना."

मी थोडा विचार केला. वेळ न संपवता, म्हणजे माझ्या हिशेबानं.

"चालेल," मी म्हणालो.

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "देल्लीच ना शेवटी बरोबरी? भैताड." आणि पायातली चप्पल काढून माझ्यापुढं सरकवली. त्यांची गावची बस होती.

खोलीत रिकाम्या पोत्यांची थप्पी छतापर्यंत लागली. उरलेल्या जागेत खाट कशीबशी बसली, पण खाटेच्या एका अंगाला भिंत आणि दुसऱ्या अंगाला पोती, त्यामुळं पेटी दाराशी ठेवली तर दार उघडेना. मावशींनी ती पायानं ढकलून खाटेखाली घातली.